खुडलेल्या शेंड्यात कोण वाढतंय?

राबातली रोपं लावणीला काढली की त्यांचे शेंडे खुडून टाका, हा सल्ला कर्जत-खालापूरच्या भातकऱ्याला नवा नाही. पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याकडे अंड्यांचा पुंजका घालते. शेंडा गेला की पुंजका गेला, पुढची गाभामर आणि पळींज टळली. सल्ला चोख आहे. पण त्या पुंजक्यात दरवेळी खोडकिडाच वाढत असतो असं नाही.

अंडी घालता घालता ही मादी पोटाच्या टोकावरचे पिवळट-तपकिरी केस त्यांवर पसरत जाते. मग खोडकिड्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालणाऱ्या मिलिमीटरभराच्या गांधीलमाशीनं त्याखाली शिरायचं कसं? टेलेनोमस नावाच्या माशीनं नामी तोड काढली आहे. ती पतंगाच्या त्या केसाळ झुपक्यालाच धरून बसते, त्याच्यासोबत फिरते आणि अंडं बाहेर पडलं की केस पसरायच्या आत त्यात आपलं अंडं घालते. तिकीट न काढता प्रवास, वर बाळंतपणही यजमानाच्याच खर्चानं!

दुसरी माशी, टेट्रास्टिकस शोएनोबी, हिला अशी घाई नसते. 1931 साली कीटकशास्त्रज्ञ फेरिएर यांनी नाव दिलेली ही चकचकीत निळसर-हिरवी माशी आपली लांब अंडनलिका केसांच्या थरातून आत घालते. तिच्या अळीचं एका अंड्यावर भागतही नाही. निदान तीन तरी ती फस्त करते.

गाजावाजा मात्र ट्रायकोग्रामा या तिसऱ्या माशीचा. 1920च्या दशकात कॅलिफोर्नियात कीटकशास्त्रज्ञ फ्लँडर्स यांनी तिला धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर घाऊक वाढवायची रीत बसवली आणि पुढे आली अशी अंडी चिकटवलेली ट्रायकोकार्डं. माशी गुणाची, पण केसांखालच्या तळच्या अंड्यांपर्यंत तिची आखूड नळी क्वचितच पोचते. जी कार्डावर मोजून विकता येते तिचीच पत्रकं निघतात. बांधावर फुकट राबणाऱ्या बाकीच्या दोघींना विचारतो कोण?

राजनाला कालव्याच्या पाण्यावर कर्जतेत उन्हाळी भातही होतो. खोडकिड्याला दुसरा हंगाम मिळतो, तसा या माश्यांनाही. त्यांची पिढी दहा-चौदा दिवसांत तयार होते. मात्र लावणीनंतर सवयीनं मारलेली फवारणी आधी त्यांनाच संपवते.

म्हणून खुडलेले पुंजके जाळू नयेत. मडक्यात टाकून ते मडकं पाण्यानं भरलेल्या परातीत, शेताच्या कडेला ठेवावं. अळ्या बाहेर पडून पाण्यात अडकतात, माश्या उडून शेतात जातात. कार्डाचे पैसे मोजायचेच तर त्यानंतर मोजावेत.