चव्वेचाळीसचं वेड

आयडाहोमधल्या सॅमन गावचा एल्मर कीथ हा मुळात गुराखी. दिवसा गुरं आणि घोडी सांभाळायची, शिकाऱ्यांना डोंगरातल्या वाटा दाखवायच्या आणि रात्री बसून बंदुकांवर लेख लिहायचे. डोक्यावर भलीमोठी हॅट, तोंडात चिरूट. १९८४ साली तो गेला तेव्हा मागे राहिला तो जाड गोळीच्या रिव्हॉल्वरांचा संग्रह. संग्राहकांची हत्यारं सहसा काचेआड चमकत बसतात. याची वापरून वापरून घासलेली होती आणि काही तर मुद्दाम कापून, जोडून घेतलेली. हातात मावणारं लोखंड किती दारू पचवू शकतं, हे त्याला पाहायचं होतं.

सुरुवातच वाईट झाली. ४ जुलै १९२५, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आनंदाचे बार काढताना त्याचं .४५ कोल्ट हातातच फुटलं. काडतुसात जड गोळी आणि बारीक कुटलेली दारू ठासलेली होती. सिलिंडरचा वरचा भाग आणि त्यावरची पोलादी पट्टी उडून गेली. हात वाचला, हे नशीब.

मग त्यानं काढलेला तोडगा भल्याभल्यांना उलटा वाटेल. गोळी त्यानं बारीक केली. सिलिंडर बाहेरून तेवढंच ठेवून .४५ ऐवजी .४४ ची भोकं पाडली की दोन भोकांमधली भिंत जाड होते. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पण तेवढ्या पोलादावर जास्त दाब झेलता येतो. म्हणजे बारीक गोळीचं रिव्हॉल्वर अधिक जोरात मारतं!

त्यात हा आकडाही फसवा. .४४ म्हणजे इंचाचे ४४ शतांश असं वाटतं. गोळी भरते ०.४२९ इंच, म्हणजे सुमारे १०.९ मिलिमीटर, साध्या बॉलपेनाहून जरा जाड. नाव जुन्या मापावरून पडलं आणि चिकटलं. (आपल्याकडे हत्तीवरून वाघ मारायला निघालेले साहेब .५७७ ची दुनळी पिस्तुलंही बाळगत, वाघ थेट हत्तीवर चढलाच तर म्हणून. इंग्रजीतही त्यांचं नाव ‘हौदा पिस्तूल’च आहे.)

संग्रहातलं सर्वांत देखणं रिव्हॉल्वर म्हणजे ‘क्रमांक ५’. १९२९ साली ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात कीथनं त्यावर लेख लिहिला आणि मथळा दिला ‘द लास्ट वर्ड’. या रिव्हॉल्वरची मूठ पाहत राहावी अशी आहे. कोल्टच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांचे भाग जुळवून ती घडवलेली. अशा बाकदार मुठीला तिकडे ‘नांगराची मूठ’ म्हणतात. आपण रुमणं म्हणू. बार उडाला की ही मूठ तळव्यावर सरळ आदळत नाही, तळव्यातून वर सरकत वळते, आणि धक्का त्या वळण्यात विरतो.

‘लास्ट वर्ड’ अर्थातच शेवटचा ठरला नाही. आणखी जोरकस .४४ काडतूस बनवा म्हणून वर्षानुवर्षं कीथ कंपन्यांच्या मागे लागला होता. १९५५ च्या अखेरीस रेमिंग्टननं काडतूस आणि स्मिथ अँड वेसननं रिव्हॉल्वर बनवलं: .४४ मॅग्नम. साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४३० मीटर धावते, आवाज ३४०. याची किंमत मनगट मोजतं, कारण सव्वा-दीड किलोचं रिव्हॉल्वर ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या वेगानं उलटं येतं. जोरात हाणलेली सायकलच म्हणा ना.

तेव्हापासून कीथच्या कमरेला चार इंची नळीचं मॅग्नम आलं आणि जुनं .४४ मागे पडलं.

मार्च २०१५ मध्ये मेन राज्यात त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. ‘क्रमांक ५’ला ८०,५०० डॉलर मिळाले. कीथनं हट्टानं बनवून घेतलेलं मॅग्नम काडतूस मात्र त्यात बसत नाही. जुन्या रिव्हॉल्वरांत ते चुकूनही जाऊ नये म्हणून ते जुन्या .४४ काडतुसापेक्षा मुद्दाम तीन मिलिमीटर लांब ठेवलंय.