दार उघडलं, तेही लिहिलं गेलं

२०२३ मध्ये मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. जिल्हा एक, पण रेल्वे दोन! पांढुर्णा मध्य रेल्वेच्या नागपूर-इटारसी मार्गावर, तर सौंसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर-छिंदवाडा मार्गावर. गंमत म्हणजे दोन्हींची विभागीय कार्यालयं राज्याच्या सीमेपलीकडे, नागपुरातच.

अशा स्टेशनात गाडी शिरली की तिच्या चाकांमुळे रुळांतला वीजप्रवाह मधेच वळतो आणि रिले रूममधला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टक्कन पडतो. डेटा लॉगर नावाचं नोंदयंत्र लगेच टिपतं: कोणता रिले, पडला की उचलला, किती वाजता, तेही सेकंदाच्या अंशापर्यंत. सिग्नल बदलला, पॉइंट फिरला, सगळं नोंदलं जातं आणि नेटवर्कवरून विभागाच्या मध्यवर्ती संगणकाकडे जातं. रिले रूमला दोन कुलपं. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल खात्याच्या माणसाकडे. ते दार उघडलं की त्याचीही नोंद. आत जाऊन कुणी वायरीला हात लावायच्या आधीच तो आत गेल्याची वर्दी बाहेर पोचलेली असते!

लिनक्स सर्व्हरची राखण याच युक्तीवर चालते. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेल-प्रणालीसाठी सिसलॉग ही नोंदप्रणाली लिहिली, आणि बघता बघता ती सगळ्यांचीच झाली. नेटवर्कवरून जाणाऱ्या तिच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आकडा असतो. समजा, ३४. त्याला ८ने भागा. भागाकार ४, म्हणजे लॉगिन-सुरक्षेचं खातं. बाकी २, म्हणजे प्रकरण गंभीर. तीव्रता ० ते ७ अशी मोजतात. शून्य आलं की यंत्रणाच आडवी. एकाच आकड्यात खातंही कळलं आणि घाईही!

या ओळी आधी त्याच यंत्रावर, /व्हार/लॉगमध्ये साठतात. डिस्क भरू नये म्हणून लॉगरोटेट जुन्या फायली दाबून लहान करून ठेवतं, शेवटी पुसून टाकतं. पण रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड हाती लागलेला घुसखोरही त्या पुसू शकतो. म्हणून सिसलॉगचं काम करणाऱ्या आरसिसलॉगच्या सेटिंगमध्ये *.* @@ लिहून पुढे दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. एक @ म्हणजे यूडीपी: धाडलं, पोचलं का ते विचारायचं नाही. दोन @ म्हणजे टीसीपी: पोच घेत जातं. तरी लाइन तुटली तर ओळी हरवतात, म्हणून रांग डिस्कवर धरून ठेवायची सोय करावीच. घुसखोराने इथली फाइल साफ केली, तरी त्याच्या लॉगिनची ओळ केव्हाच पलीकडे गेलेली.

मात्र सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळायला हवीत. नाहीतर आधी काय झालं आणि नंतर काय, याचाच पत्ता लागायचा नाही. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलं, आणि त्याच कागदात घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायलाही.