खिळा नको, दोरी पुरे: दिवाळीच्या माळांविषयीचे गैरसमज

दिवाळीत पत्र्याला मारलेला खिळा पुढच्या जूनमध्ये गळायला लागतो. तोवर तो कोणी मारला, कशासाठी मारला, हे घरातले विसरलेले असतात आणि दोष पत्रेवाल्याच्या नाहीतर गवंड्याच्या माथी जातो. माळेचं वजन असतं ते किती? फार तर पाव-अर्धा किलो. तेवढ्यासाठी छपराला भोक पाडायची गरज नसते, छपरावर चढायचीही नसते.

‘एवढ्याशा खिळ्यानं काय होतंय’ असं सर्रास म्हटलं जातं. लोखंडी पत्र्याला गंजापासून वाचवतो तो त्यावरचा जस्ताचा पातळ थर. खिळा तो थर फोडतो; भोकाच्या कडा आणि साधा खिळा दोन्ही गंजतात आणि भोक रुंदावत जातं. नागमोडी पत्रा बसवणारे कारागीर बोल्ट उंचवट्यावर घेतात आणि त्याला वॉशर घालतात, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. घरच्या माणसाचा खिळा मात्र हातोडीला सोयीचं म्हणून नेमका खोलगट भागात जातो, म्हणजे पाण्याच्या वाटेतच. असा जुना खिळा असेल तर तो नुसता उपटून ठेवू नये, पत्रेवाल्याकडून भोक बुजवून घ्यावं. सिमेंटच्या पत्र्याचं दुखणं याहून गंभीर आहे. तो ठिसूळ असतो, त्यावर पाय देणारा माणूस पत्र्यासकट खाली येऊ शकतो. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि ड्रिल मारताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तिथे ड्रिल नकोच.

कोकणात आणि गोव्यात, जिथे दिवाळीला लागलेल्या माळा कुठे कुठे नाताळापर्यंत राहतात, तिथे कौलाची वेगळी काळजी घ्यावी लागते. ‘कौल जरा वर सरकवून वायर आत घेतली, एवढंच’ असं म्हणतात. पण मंगलोरी कौल रिपांवर खाचेत खाच अडकून बसलेलं असतं. एक सरकलं की शेजारचंही जागा सोडतं, आणि कडेशी वायर दबते ती वेगळीच. कौलावर चढलं की बारीक तडा जातो, तो तेव्हा दिसत नाही. माळ वळचणीच्या फळीला किंवा वाशांच्या टोकांना सुती अथवा नायलॉनच्या दोरीनं बांधावी. कौलाला हात लावायचं कारणच नाही.

सपाट गच्ची मजबूत वाटते, म्हणून तिथे बिनधास्त ड्रिल चालतं. गच्चीचं पाणी अडतं ते कोब्यामुळे आणि कठडा जमिनीला मिळतो तिथल्या गोलसर वाट्यामुळे. या दोन ठिकाणी पाडलेलं भोक खालच्या खोलीच्या छतावर ओल आणतं. बादलीत वाळू भरून त्यात बांबू रोवावा आणि तो कठड्याला बांधावा. माळही टिकते, गच्चीही.

आता विजेचं. ‘एलईडी आहे, शॉक लागत नाही’ हा सगळ्यांत घातक समज. एलईडीला वीज कमी लागते हे खरं, पण बाजारातल्या बहुतेक स्वस्त माळा ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट २३० व्होल्टच्या प्लगला लागतात. दिवा चिमुकला असला तरी सोललेली वायर पूर्ण दाबाचा झटका देऊ शकते. अशी वायर लोखंडी पत्र्याला, ग्रिलला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला टेकली, तर तो सगळा धातूच जिवंत होतो. म्हणून माळ धातूपासून लांब ठेवावी, तिच्यावरून खिळा वा स्टेपल ठोकू नये. सिरीजमधला जळालेला दिवा काढून तारा पिळून जोडायची सवयही वाईट: तेच २३० व्होल्ट उरलेल्या दिव्यांत वाटले जातात, ते तापतात आणि भराभर जातात. बाहेरसाठी १२ किंवा २४ व्होल्टची अडॅप्टरवाली माळ घ्यावी, अडॅप्टर घरात कोरड्या जागी ठेवावा.

‘एमसीबी आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणारेही खूप. एमसीबी वायरिंगला जादा भारापासून वाचवतो. माणसाचा जीव घ्यायला मात्र त्याच्या क्षमतेच्या कितीतरी कमी, मिलीअँपिअरमध्ये मोजावा इतका प्रवाहही पुरतो. तेवढ्यानं ६ अँपिअरचा एमसीबी हलतही नाही. जीव वाचवायला गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. माळांच्या खर्चाआधी मी हा खर्च करायला सांगेन.

बटण बंद केलं म्हणजे वायर निर्जीव झाली असंही नाही. वायरिंग उलटं असेल, तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तशीच राहते. माळेला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा.

दिवाळीत पाऊस नसतो हा भरवसा आता धरू नये. २०१९ साली ‘क्यार’ चक्रीवादळाच्या सुमारास ऐन दिवाळीत महाराष्ट्रात पाऊस होता. बाहेरच्या माळेवर किमान आयपी ४४ ही पाण्याचे शिंतोडे सोसण्याची खूण लिहिलेली असावी. नुसता टेप गुंडाळलेला जोड उघड्यावर सोडू नये. वायर खिडकीतून आत घेताना बाहेर तिला थोडा झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, आत सॉकेटपर्यंत ओघळत नाही. आकाशकंदिलाचा भार वायरवर नको, दोरीवर हवा. वाऱ्यात झोके घेताना आधी होल्डरमधला जोडच सुटतो.

शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर लावावी, खाली कोणी धरलेली असावी. जवळून उघड्या वीजतारा जात असतील तर ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये.

तुळशीचं लग्न झालं की माळा उतरवाव्यात. वर्षभर उन्हात राहिलेल्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. खालून ओढू नये, दोऱ्या कापाव्यात. गुंडाळताना वायरवरून बोट फिरवत जावं. कुठे सोललेली, उंदरानं कुरतडलेली दिसली तर टेप लावून माळ्यावर टाकू नये. तिचा प्लग कापून ती ई-कचऱ्यात द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी घाईघाईत कोणी तीच पुन्हा लावणार नाही.