स्वतःचा राऊटर आणि घरचा दूरध्वनी

बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, हा भाग आहे. त्याला लागूनच दूरवाणीनगर वसले आहे. कन्नड भाषेत 'दूरवाणी' म्हणजे दूरध्वनी. १९४८ साली येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना सुरू झाला, त्यावरून या वसाहतीला हे नाव पडले. चकती फिरवून क्रमांक जुळविण्याची काळी यंत्रे एके काळी भारतातील घराघरांत व कचेऱ्यांत दिसत. त्यांपैकी पुष्कळशी या कारखान्यात तयार झालेली असत. आज दूरध्वनी अनेक घरांत काचेच्या प्रकाशतंतूवरून, इंटरनेटच्या सोबतीने येतो. त्यामुळे पूर्वी कधी न पडलेला एक प्रश्न ग्राहकापुढे उभा राहिला आहे. कंपनीने दिलेला राऊटर काढून स्वतः विकत घेतलेला राऊटर लावला, तर घरचा जुना क्रमांक चालू राहील काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी क्रमांक नेमका कोठे असतो, हे पाहावयास हवे. जुन्या व्यवस्थेत दूरध्वनी केंद्रापासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी टाकलेली असे. केंद्रातील ज्या जागी ही जोडी जोडलेली असे, ती जागा म्हणजेच ग्राहकाचा क्रमांक. घरातील यंत्र बिघडले आणि दुसरे बसविले, तरी क्रमांकास धक्का लागत नसे.

अंकीय पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप केले जाते. प्रत्येक मापासाठी ८ द्विमान अंक लागतात. म्हणजे नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला ६४,००० अंकांचा प्रवाह तयार होतो. हे अंक लहान लहान पुडक्यांत बांधून जाळ्यावरून पाठविले जातात. येथे क्रमांकासाठी राखून ठेवलेली तार नसते. घरातील उपकरण ठराविक काळाने कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाला आपले नाव व गुप्त परवलीचा शब्द कळविते. संगणक त्याची नोंद करतो, आणि त्या क्रमांकावर कोणी फोन केल्यास नोंदीप्रमाणे तो त्या उपकरणाकडे वळवितो. तात्पर्य, आजचा क्रमांक या नोंदणीत असतो. नोंदणी करणारे उपकरणच काढून टाकले, तर क्रमांक कागदोपत्री ग्राहकाच्या नावावर राहतो, परंतु घंटा वाजत नाही.

कंपनीने भिंतीवर बसविलेली पेटी वरवर एकच दिसत असली, तरी पुष्कळदा ती तीन कामे करीत असते. प्रकाशाच्या संकेतांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणे, हे पहिले काम. घरातील संगणक, मोबाइल इत्यादींना इंटरनेट वाटून देणे, हे दुसरे. यालाच राऊटरचे काम म्हणतात. तिसरे काम दूरध्वनीचे. साध्या यंत्राला लागणारी वीज पुरविणे, घंटा वाजविणे, आवाजाचे अंक करणे आणि क्रमांकाची नोंदणी राखणे, हे सारे त्यात येते. बाजारात मिळणारे बहुतेक राऊटर यांपैकी केवळ दुसरे काम करतात. म्हणून पेटीऐवजी राऊटर, अशी सरळ अदलाबदल करता येत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सोपा आहे. कंपनीची पेटी जागेवरच ठेवावी, दूरध्वनी तिच्याच सॉकेटमध्ये राहू द्यावा आणि आपला राऊटर तिच्या पुढे जोडावा. दोन राऊटर एकच काम करू लागल्याने अडचण येत असेल, तर पेटीतील राऊटरचा भाग कंपनीकडून बंद करून घेता येतो. या रचनेस 'ब्रिज' म्हणतात. मात्र तसे केल्यावर दूरध्वनीचा भाग चालू राहील ना, हे आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या मार्गात नोंदणीचे काम ग्राहक स्वतःच्या उपकरणाकडे घेतो. त्यासाठी दूरध्वनीचे सॉकेट असलेला राऊटर किंवा वेगळे जोडयंत्र लागते. शिवाय नोंदणीचे नाव, परवलीचा शब्द आणि मध्यवर्ती संगणकाचा पत्ता ही माहिती कंपनीकडून मिळावी लागते. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून अंमलात आलेल्या कायद्याने ग्राहकास आपल्या पसंतीचा राऊटर वापरण्याचा हक्क दिला आणि जोडणीसाठी लागणारी माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. अशी माहिती जेथे मिळत नाही, तेथे पहिला मार्गच पत्करावा लागतो. दुसऱ्या मार्गात आणखी एक अडचण संभवते. काही राऊटर दूरध्वनीच्या पुडक्यांवरील पत्ते मदतीच्या हेतूने बदलतात. त्यामुळे घंटा वाजते, पण एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. किंवा काही वेळाने बाहेरून येणारे फोन बंद पडतात. राऊटरमधील ही सोय बंद केल्यास बहुधा दोष दूर होतो.

विजेचा प्रश्न मात्र दोन्ही मार्गांत उरतोच. तांब्याच्या तारेतून केंद्रातील बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज यंत्रापर्यंत पोहोचत असे. म्हणून घरात अंधार असला तरी दूरध्वनी चालू राही. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. घरातील वीज गेली, की पेटी बंद आणि दूरध्वनीही बंद. पहिल्या मार्गात दूरध्वनीपुरती एकट्या पेटीला बॅटरी जोडणे पुरेसे होते. दुसऱ्या मार्गात प्रकाशाचे रूपांतर करणारे उपकरण, राऊटर आणि जोडयंत्र या सर्वांनाच ती द्यावी लागते. ज्या घरात एखादी वृद्ध व्यक्ती एकटी राहते आणि रात्री-अपरात्री ११२ क्रमांकावर मदत मागण्यासाठी याच दूरध्वनीवर विसंबून असते, तेथे निवड करताना हा फरक सर्वांत आधी विचारात घ्यावयास हवा.

म्हणून बदल केल्यानंतर केवळ इंटरनेट चालते एवढे पाहून थांबू नये. घरून एक फोन करावा, बाहेरून एक फोन करवून घ्यावा, अर्ध्या तासाने पुन्हा तसेच करावे आणि शेवटी मुख्य खटका बंद करून तीच परीक्षा घ्यावी. ती पार पडेपर्यंत कंपनीची पेटी परत करू नये.