'दानं' : सामान्यांच्या नावांनी उघडलेली लिपी

लेण्यांवर गेलो की आपली नजर आधी स्तूपाकडे जाते, मग मूर्तींकडे, मग मोबाइलकडे. खांबांवर आणि दाराजवळ कोरलेल्या ओळींपाशी फार थोडे जण थांबतात. आम्हीही कित्येक वर्षे थांबत नव्हतो.

धार्मिक कला म्हटली की राजा आठवतो. पण फ्रान्समधल्या शार्त्रच्या चर्चमध्ये तेराव्या शतकातल्या रंगीत काचांवर पाव भाजणारे आणि जोडे शिवणारे आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. तिथे धंदा दिसतो, माणसाचे नाव सहसा दिसत नाही. बौद्ध स्तूप त्याच्या हजारेक वर्षे आधी नावासकट बोलतात.

सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, अशी नोंद आहे. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचेही दान आहे, म्हणजे राजाचा माणूस आणि गावचे कारागीर एकाच दगडी तोरणावर! कठड्यांवर तर शेकडो छोटे लेख आहेत : व्यापारी, गृहिणी, भिक्खू, भिक्खुणी. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी पट्टी. ओळख म्हणून गाव, धंदा, नाते. वर्ण सांगण्याची गरज या ओळींना सहसा वाटलेली नाही. आणि ज्यांच्यासाठी हे सारे, ते बुद्ध सांचीच्या तोरणांवर मानवी रूपात नाहीतच. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा, रिकामे आसन, एवढेच. शास्त्याची मूर्ती नाही, पण दान देणाऱ्या भिक्खुणीचे नाव आहे.

हेच लेख पुढे इतिहासाला उपयोगी पडले. 1837 साली कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप सांचीच्या लेखांचे ठसे पाहत होता. लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. एवढे सगळे छोटे लेख त्याच दोन अक्षरांवर का संपतात, असा प्रश्न त्याला पडला. मंदिरांत, स्तूपांत लोक दान देतात, तेव्हा शेवटचा शब्द 'दानं' असावा, हा त्याचा तर्क बरोबर निघाला. 'द' आणि 'न' हाती आले, बाकीची अक्षरे सुटत गेली आणि दिल्लीच्या स्तंभांवरचा अशोक बोलू लागला. सम्राटाच्या आज्ञांची किल्ली अशी सामान्यांच्या दानात सापडली. शाळेत आम्हाला प्रिन्सेपचे नाव शिकवले, हे नाही शिकवले.

कार्ल्याच्या चैत्यगृहातही तेच. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दार दिले, सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, आणि खांबांवर यवनांचीही दाने आहेत. परदेशी माणूस इथे परका ठरला नाही.

त्याच भिंतींवर आज चुन्याने, खिळ्याने आपली नावे लिहिणारेही आहेत, त्यात आपलीही मुले आहेत हे मान्य करावे लागेल. धम्मलिपीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात. पुढच्या सहलीला दोन-तीन शिकलेली मुले सोबत घ्या, आणि सामी सुताराची ओळ त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.