जुनं मोटरहोम: वजन आणि हायवे

अमेरिकेत जुनं मोटरहोम पाहायला गेलेले लोक सोफा आणि स्वयंपाकघरातच रमतात. आधी वाचावी ती चालकाच्या दारापाशी चिकटवलेली वजनाची पट्टी. फोर्ड ई-450 चॅसीवरच्या अनेक गाड्यांची कमाल मर्यादा 14,500 पौंड असते. त्यात माणसं, सामान, पाणी सगळं आलं. 40 गॅलन पाणीच 330 पौंडांच्या वर भरतं! सौदा ठरण्याआधी ट्रक थांब्यावरच्या काट्यावर प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं करून घ्यावं.

मागच्या चाकांपलीकडे गाडी फार लांबली असेल, तर पुढचा एक्सल हलका पडतो आणि शेजारून ट्रक गेला की गाडी डुलते. म्हणून चाचणी गल्लीत नव्हे, हायवेवर घ्यावी.

टायरच्या डॉट क्रमांकाच्या शेवटी '2319' असेल, तर तो 2019च्या 23व्या आठवड्यातला. इतक्या जुन्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.