रहस्य फुटल्यावर काय उरतं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्री दुसरी पाळी सुटते. कंपनीच्या बसमध्ये डबा मांडीवर, कानात इअरफोन आणि मोबाइलवर मालिकेचा राहिलेला भाग. 2020 साली झी मराठीवर सुरू झालेली ‘देवमाणूस’ या पाळीच्या वाट्याला अशी फोनवरच यायची. ती ज्यावर बेतली होती, ते साताऱ्याच्या वाई तालुक्यात 2016 मध्ये उघडकीस आलेलं हत्याकांड लोक विसरले नव्हते. त्यामुळे मालिकेतलं भय परकं वाटलं नाही. गाव ज्याला देव मानतं तो डॉक्टर खुनी आहे, हे आपल्याला ठाऊक, गावाला नाही. पेशंट दवाखान्याची पायरी चढला की पोटात गोळा यायचा. डॉक्टर साकारणाऱ्या किरण गायकवाड यांचं मवाळ हसू ते भय आणखी वाढवायचं.

2021 च्या अखेरीस दुसरं पर्व आलं, तेव्हा हे भय ओळखीचं झालं होतं. मिलिंद शिंदे यांच्या इन्स्पेक्टर जामकरने जोर लावला, पण मुख्य ताण सरला होता. उरला तो पाठलाग. रोजच्या मालिकेला रोज भाग द्यावा लागतो. सांगण्यासारखं संपलं, की कथेत पाणी घालण्यावाचून गत्यंतर नसतं.

मात्र दुसरं पर्व पडतंच, असं नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं पहिलं पर्व 2016 मध्ये घरचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूने सुरू झालं. 2019 च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि जिवंत अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांना समोर उभं केलं. शेवट आधीच माहीत असूनही लोक खिळून राहिले, कारण प्रश्न बदलला होता : माणूस मेला कसा हे नव्हे, तर तो असा जगला का? माझ्या मते तिन्ही पर्वांत हेच सरस. 2021 च्या तिसऱ्या पर्वात मेलेलीच माणसं वावरू लागली आणि मरणाची भीती बोथट झाली.

अमेरिकेतल्या ‘द वायर’ या मालिकेने (2002 ते 2008) प्रश्न बदलण्याचं हे सूत्र पाच पर्वं पाळलं. पहिल्यात अमली पदार्थांचा धंदा, दुसऱ्यात बंदरावरचे कामगार, मग राजकारण, शाळा आणि वृत्तपत्र. शहर बाल्टिमोरच, पर्वागणिक त्याचा नवा दरवाजा उघडला. बंदरातलं काम आटत चाललेलं असताना कामगार संघटनेचा पुढारी तस्करीला हात का लावतो, हे पाहताना गुन्ह्यामागचं पोट दिसतं.

एका पॅटर्नवर, म्हणजे मूळ नमुन्यावर, शेकडो कास्टिंग निघतात, पण मोल्डची वाळू दर वेळी नव्याने तयार करावी लागते, हे कागलच्या फाउंड्रीतला कोणीही सांगेल. गाजलेला खलनायक हा पॅटर्न झाला. पर्व टिकतं ते नव्या वाळूवर, म्हणजे नव्या प्रश्नावर.

आपल्या गुन्हेमालिका वाडा आणि गाव यांतच फार रमल्या. स्क्रॅपचा ठेका, कंत्राटी कामगारांची हजेरी, रस्त्यालगतच्या जमिनींचे वाढते भाव : एकेका पर्वाला पुरेल एवढा ऐवज औद्योगिक वसाहतीच्या फाटकाआड आहे. लेखकांनी तिथे जावं आणि वाहिन्यांनी त्यांना वेळ द्यावा. थकून घरी निघालेल्या त्या प्रेक्षकाला स्वतःच्या जगाची कथा मिळायलाच हवी.